झुडपाचा बाप

अकोला, मंगळवार
वैशाख वद्य तृतीया, शके १७८६

प्रिय भगवंता,

हा 'प्रिय' पंतोजींनी घातला आहे, मी सांगितला नव्हता. ते म्हणतात, धाकट्या भावाला पत्र लिहायचं तर तशी रीत असते. असू दे, शाई वाया गेली तेवढी गेली. पंतोजी पुण्याकडचे आहेत, इथल्या सरकारी शाळेत पोरांना शिकवतात, आणि माझं तुले-मले त्यांच्या कानाला टोचतं. म्हणून आमचं असं ठरलं आहे की मी आपल्या बोलीत बोलायचं आणि त्यांनी त्यांच्या भाषेत उतरवायचं. फक्त जिथं मला राग आवरणार नाही तिथं माझ्या तोंडचं जसंच्या तसं. त्यांनी विचारलं, असं किती वेळा होईल? मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही, तुम्ही कागद जास्तीचे आणून ठेवा.

काल पहाटे मी कोणाला न सांगता तुझ्या घरून निघाले. तू आता ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असशील की माणिकअक्काचं डोकं फिरलं, अमरावतीला राहून ती शेफारली, भाचीच्या लग्नाला पाच दिवस उरले असताना रुसून गेली. रुसले नाही बरं. रुसायला समोरचं माणूस आपलं वाटावं लागतं. मला तुझी शिसारी आली म्हणून निघाले, आणि इथं नणंदेच्या घरी उतरले आहे. येत्या शनिवारी आपल्या जमुनेचं लग्न आहे. पोर बारा वर्षांची. नवरा उत्तमराव, बावन्न वर्षांचा, दोन बायका मसणात पोचवून तिसरीसाठी बाशिंग बांधायला निघालेला. हे सगळं तुला माहीत आहे. तरी मी कागदावर उतरवून घेते आहे, कारण दुसऱ्याच्या तोंडून ते कसं वाटतं ते एकदा तुझ्या कानावर पडावं.

तर आज मी तुला झाडं शिकवणार आहे. माळ्याच्या घरात जन्मलेल्या, चाळिशीला टेकलेल्या बाप्या माणसाला झाडं शिकवायची वेळ यावी, का बापा! पण काय करणार. परवा रविवारी उत्तमरावाच्या मळ्यात जोशीबुवांनी ज्या झुडपाशी त्याचं लग्न लावलं, ती रुई नव्हती. तो मोगली एरंड होता. पंतोजींची लेखणी इथं थांबली आहे आणि ते माझ्याकडे बघत आहेत. लिहा पंतोजी, बरोबर ऐकलंत. कुंपणाला लावतात तो मोगली एरंड.

या लग्नाचा हट्ट कोणाचा होता, आठव. फाल्गुनात उत्तमरावाचं स्थळ आलं तेव्हा अडून तूच बसला होतास. तिसरी बायको जगत नाही, असं तुझं म्हणणं. आपल्या आत्याच्या दिराची तिसरी वर्षात गेली, कोणाची तरी तिसरी विहिरीत पडली, सगळे दाखले तू तुझ्या बायकोला, पार्बतीला म्हणून दाखवलेस. मग जोशीबुवांनी तोड काढली. उत्तमरावानं आधी रुईच्या झुडपाशी लग्न लावावं, म्हणजे तिसरी बायको ती रुई. जे काय बरंवाईट व्हायचं ते तिचं होईल, वाळेल, मरेल, आणि जमुना चौथी म्हणून सुखानं नांदेल. चौथीला धोका नाही. तू मान डोलावलीस आणि म्हणालास, पोरीच्या जिवापुढं मला दुसरं काही नाही. पार्बतीनं तो निरोप मला अमरावतीला धाडला तेव्हा मी अंबादेवीच्या देवळापुढं माझी फुलांची पाटी मांडून बसले होते. मी शेजारणीला म्हटलं सुद्धा, लग्न काही मला पटलेलं नाही, पण भाऊ अजून माणसात आहे.

आता रुईसाठी कोणी अमरावतीला माणूस धाडतं का? गावाबाहेर पडलं की नाल्याच्या काठाला, मसणवटीपाशी, पडक्या भिंतीच्या आडोशाला, जिथं कोणी तांब्याभर पाणी घालत नाही तिथं ती उभी. नवरदेवानं चार पावलं चालत जायचं, तिथंच लग्न लावायचं आणि परत यायचं, आजवर असंच झालं. पण उत्तमराव आता चालत नाही. विलायतेच्या पलीकडं कुठं तरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस बंद झाला, आणि आपल्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचं मोल आलं. त्यात या माणसाचे पाय जमिनीवरून उचलले गेले ते गेलेच. बापानं लावलेला मोगऱ्याचा ताटवा, शेवंती, वांग्या-मिरच्यांचे वाफे, सगळं नांगरून थेट विहिरीच्या काठापर्यंत कपाशी लावली. माळ्याच्या मळ्यात देवाला वाहायला एक फूल नाही! बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या. वैशाखाच्या उन्हात मखमलीचा डगला, घामानं निथळतो पण काढत नाही. छातीवर साखळीचं घड्याळ लोंबतं आणि किती वाजले ते दुसऱ्याला विचारतो. असा माणूस मसणवटीपाशी जाऊन रुईला माळ घालेल होय? त्याला रुई कुंडीत पाहिजे होती, मळ्यात मांडव घालून, पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर. आणि तू छाती फुगवून सांगितलंस, आमची अक्का अमरावतीच्या साहेबांच्या बंगल्यांना कुंड्यांतली झाडं पुरवते, ती घेऊन येईल.

एवढं बोलताना तुझी जीभ कशी अडखळली नाही? रुईचं मूळ सरळ खाली जातं, हात-दोन हात. ती खणून काढली की दुपारपर्यंत मान टाकते. कुंडीत धरत नाही, गाडीतून हादरे खात अमरावतीहून तीन दिवसांची वाट तर सोडूनच दे. हे माळ्याच्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मोगली एरंडाचं तसं नाही. त्याची फांदी तोडून कुठंही खोचा, उलटी खोचली तरी जगेल अशी मेल्याची जात. लाज नाही, निवड नाही, जिथं ठेवाल तिथं पालवी. उत्तमरावाला शोभेल असाच जोडीदार मिळाला, एवढं मात्र मी मान्य करते.

आता नीट ऐक. रुईचं पान जाड, रुंद, त्याला देठ जवळजवळ नाहीच. खोडाला बिलगून समोरासमोर दोन-दोन पानं बसतात. त्यावर पिठासारखी पांढुरकी लव असते, बोट फिरवलं की बोट पांढरं होतं. मोगली एरंडाचं पान पंजासारखं कोनाकोनांचं, गुळगुळीत, चांगलं लांब देठावर डुलणारं, आणि एकाआड एक. रुई कुठंही मोड, पांढरं घट्ट दूध भळभळतं, डोळ्यात गेलं तर डोळाच जायचा. एरंड मोडला तर पाण्यासारखा पातळ चीक, आणि तो कपड्याला लागला की वाळून असा तपकिरी डाग पडतो की परटिणीनं हात टेकावे. रुईचं फूल मेणाचं घडवल्यासारखं, जांभळट, मधोमध इवलासा मुकुट. दर शनिवारी मारुतीच्या गळ्यात तिचीच माळ पडते. एरंडालाही फूल येतं, नाही असं नाही. हिरवट पिवळं, एवढंसं, घोसात दडलेलं. ते कोणी देवाला वाहिलेलं की कोणा बाईनं डोक्यात माळलेलं मी या जन्मात पाहिलं नाही. त्याच्या बियांचं तेल दिव्याला चालतं, आणि त्याच बिया पोरांनी खाल्ल्या तर घरभर ओकाऱ्या. रुईचं फळ तडकलं की त्यातून म्हाताऱ्या उडतात, रेशमासारख्या. एवढा मऊ तो कापूस, पण त्याचा धागा निघत नाही म्हणून उत्तमरावानं अजून ती लावलेली नाही, नाही तर तीही लावली असती. दोघांची जात वेगळी, गोत वेगळं, लांबचंही नातं नाही. गुरं दोघांनाही तोंड लावत नाहीत, इतकंच काय ते सारखं. आणि अशा दोन झाडांत तुझी गल्लत झाली म्हणतोस?

तू तसं म्हणशील हे मला माहीत आहे, म्हणून आबांची आठवण काढते. आपण लहान असताना आबा उपरण्यानं आपले डोळे बांधायचे आणि हातात एकेक पान द्यायचे. मी दहातली सात ओळखायचे. तू दहाच्या दहा. तगर कुठली, अनंत कुठला, कण्हेर कुठली, तू नुसता अंगठा फिरवून सांगायचास. आबा आईला म्हणायचे, या पोराच्या बोटांना डोळे आहेत. मी जळायचे रे तुझ्यावर तेव्हा! आणि मोगली एरंड तर तुझा खास दोस्त. त्याच्या चिकात काडीचं कडं बुडवून तू फुगे उडवायचास, अख्ख्या आळीत तुझ्याएवढा मोठा फुगा कोणाचा होत नसे. सदऱ्याला डाग पाडून घरी यायचास आणि आईचा मार खायचास. तुझ्या वाटचे दोन रट्टे मी मध्ये पडून खाल्ले आहेत. त्या भगवंताला मी जीव लावला होता. माझा नवरा गेला तेव्हा तीन दिवसांची वाट चालत येऊन जो माझ्या दारात नुसता बसून राहिला, तोही तोच. तो कुठं मेला ते मला कळलं नाही. कपाशीत पुरला असावा.

आता रविवारचं ऐक. तू तिथं होतास, पण तुझी नजर जिथं पाहिजे तिथं नव्हती, म्हणून मी सांगते. झुडपाला शालू मी माझ्या हातानं नेसवला. चांगला बुट्ट्यांचा शालू, कारण उत्तमरावाला रुईच्या अंगावरसुद्धा श्रीमंती दाखवायची होती. शेंड्याला नथ अडकवली, बायका फिदीफिदी हसत होत्या. वरून मी रुईच्या फुलांची माळ घातली आणि पदरातून डोकावतील अशी रुईचीच चार पानं खोचली. का खोचली ते पुढं सांगते. जोशीबुवांनी माळ पाहिली, चार पानं पाहिली, त्यांना रुई पाहिल्यासारखं वाटलं. खोडाकडं वाकून बघायला वेळ कोणाला? त्यांचं सगळं लक्ष शालूवर होतं, कारण विधी झाला की शालू ब्राह्मणाच्या घरी जातो. उत्तमरावानं तर झुडपाकडं पाहिलंच नाही. तो पाहुण्यांकडं बघत होता, पाहुणे आपल्याकडं बघतात का ते बघायला. मग झुडपाचा बाप म्हणून कोणी तरी माळी उभा राहावा लागतो, त्यानं कन्यादान करायचं, आणि तो मान तुझा.

तू पुढं झालास. डाव्या हातानं शालूच्या आतून खोड धरलंस. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. पानाचा एक देठ कट् करून मोडला तो मला ऐकू आला. तू हात बाहेर काढलास, बोटांकडं पाहिलंस, बोटं नाकाशी नेलीस. मी मनात म्हटलं, आता बोलेल. आता म्हणेल, जोशीबुवा थांबा, घात झाला. तू बोटं धोतराला पुसलीस आणि पळीनं पाणी सोडलंस. तुझी ती कन्या तू उत्तमरावाला दिलीस. धोतर बघ, डाग अजून असेल.

गर्दीत कळलं नाही, असं तू म्हणशील. पंतोजींनीही आत्ता तेच विचारलं, भला माणूस आहे. तर मग त्याच्या आदल्या दिवशीची, शनिवारची संध्याकाळ घे. माझी गाडी तुझ्या अंगणात लागली, कुंडी उतरवली, तिच्यावर गोणपाट होतं. जमुना घागर घेऊन आली. दोन वर्षांमागं सबंध पावसाळा ती माझ्याकडं होती, माझ्याबरोबर कुंड्या भरायची, माळा गुंफायची. तिची बोटं तुझ्यावर गेली आहेत. तिनं गोणपाट बाजूला करून पाणी घातलं आणि तू गोठ्यातून येत होतास तशी तुला म्हणाली, बा, हे रुई नाई, याचं पान पंजासारखं आहे. तू कुंडीपाशी आलास. वाकलास. मी चुलीपाशी होते, दार उघडं होतं. तू म्हणालास, चूप बस, आत्यानं आणलं ते रुईच, अन् कोनापाशी तोंड उघडलं तर पाहून घेईन. भगवंता, हा आवाज चूक झालेल्या माणसाचा नव्हता. काय आहे ते नीट पाहिलेल्या माणसाचा होता.

पोर आत आली आणि माझ्याजवळ बसली. पीठ मळायला घेतलं तिनं. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "आत्या, मंग मी कितवी?" मी भाकरी थापत राहिले आणि तव्यावरची करपली. तुला जन्मात कोणी एवढा सरळ प्रश्न विचारला नसेल, आणि विचारला तो तुझ्या लेकीनं, तोही तुला नाही, मला, कारण तुला विचारून उपयोग नाही हे तिला कळलं होतं.

आता मी बोलते तसंच लिहा पंतोजी. भगवंत्या, तू काहून बोलला नाई? तुयी पोरगी मरन असं तुलेच वाटते, मले नाई. तिसरी जगत नाई, हे तूच म्हणून राहिला होता ना बे? मंग रुई नाई हे समजल्यावर मांडवात पाणी सोडताना तुया हात काहून नाई थांबला? मी सांगते काहून. उत्तमरावाच्या विहिरीच्या आठवड्याला तीन पाळ्या तुया मळ्याले भेटणार, म्हणून. वैशाख आहे, तुयी विहीर आटली, अर्धा मळा मोडून तूही कपाशीच लावून राहिला. मुहूर्त हुकला असता तर पाणी हुकलं असतं. पाण्यासाठी पोरगी दिली, अन् तीही मरन असं समजून उमजून दिली. थू तुया जिनगानीवर.

पंतोजी मला पाणी देत आहेत. प्यायले. पुढं लिहा.

तिसरी जगत नाही यावर माझा विश्वास आहे की नाही, ते बाजूला राहू दे. पहिल्या दोघी काही तिसऱ्या नव्हत्या, तरी गेल्याच. गोदा चौदाव्या वर्षी बाळंतपणात गेली, सुईणीला बोलवायला उत्तमरावाला सकाळ व्हावी लागली. दुसरी वच्छला. सोळा वर्षांची, दहा दिवसांची बाळंतीण, आणि त्या वर्षी भाव चढलेला, बोंडं फुटून पांढरी झालेली, म्हणून तिला वेचणीला शेतात नेली. अंगात ताप घेऊन तिनं ओटी भरभरून कापूस वेचला आणि पाचव्या दिवशी गेली. त्या घरात पोरी मरतात त्या आकड्यामुळं नाही. तिथं कितवीही गेली तरी तेच व्हायचं. रुई बिचारी काय आड येणार? तिला ना बाळंतपण, ना वेचणी.

आणि आता माझी कबुली. मोगली एरंड चुकून आला नाही. मी तो ठरवून आणला. मला रुई कुंडीत जगवता येत नाही हे खरं, पण मी तसा निरोप धाडू शकले असते. मी धाडला नाही. मी माझ्या कुंपणाची एक चांगली फांदी कुंडीत लावली, दोन महिने पाणी घातलं आणि तुझ्याकडं घेऊन आले. माझा हिशेब साधा होता. उत्तमरावाला कळणार नाही, त्याला घड्याळ कळत नाही. जोशीबुवांना कळू नये म्हणून चार पानं खोचली. पण माझ्या भावाला कळेल. खोड हातात धरताच कळेल, त्याच्या बोटांना डोळे आहेत. तो पाहुण्यांसमोर ओरडेल की ही रुई नव्हे, अपशकुन झाला, मी मुलगी देत नाही. नवऱ्याकडचेही घाबरतील. कोणाचा दोष नाही, कोणाचं नाक कापलं नाही, लग्न मोडेल आणि पोर सुटेल. मी तुला पळवाट करून दिली होती रे. तुला फक्त खरं बोलायचं होतं, आणि तेही झाडाबद्दल. एवढं सोपं काम मी कोणावर सोपवलं नसेल. ते तुझ्याच्यानं झालं नाही.

आता हे पत्र मी का लिहवलं ते सांगते. मांडवात मी स्वतः ओरडले असते तर चार हात पुढं आले असते, रांडव बाईचं डोकं फिरलं म्हणून मला बाहेर नेलं असतं आणि जोशीबुवांनी मंगलाष्टकं पुढं चालू केली असती. कागदाला तसं बाहेर नेता येत नाही. तुला अक्षर येत नाही, पार्बतीला येत नाही, उत्तमरावाला तर नाहीच. गावात पत्र वाचतात ते एकटे जोशीबुवा, आणि ते पारावर बसून खड्या आवाजात वाचतात, निम्मं गाव भोवती जमलेलं असतं. म्हणून चंद्रभान गाडीवानाला मी बजावलं आहे की पत्र बुधवारी सकाळी पारावरच द्यायचं. तेव्हा भगवंता, तू हे ऐकतो आहेस तसे उत्तमरावाचे भाऊबंदही ऐकत आहेत, आणि मला वाटतं काही जण हसायलाही लागले असतील. आता पंचक्रोशीत त्याला मोगली एरंडाचा नवरा म्हणतील. शनिवारच्या मांडवात तो कसा उभा राहतो ते मला बघायचं आहे. जोशीबुवा, तुम्हाला माणिकचा दंडवत. जमुना तिसरी आहे हे तुम्ही आत्ता तुमच्याच तोंडानं वाचलंत. रुईच्या जागी एरंड चालतो असं पोथीत कुठं असेल तर हातासरशी तेही वाचून दाखवा, लोक आहेतच. झाड मी बदललं, त्याचा दोष माझा, जातीचे पंच बोलावतील तेव्हा येईन आणि सांगतील तो दंड देईन. भगवंत्या, पाणी तर आता तुले भेटत नाई. चंद्रभानची गाडी पारापाशी उभी आहे. तू काही बोलू नको, तुले बोलणं जमत नाई. घरी जा, जमुनेचा हात धर अन् तिले गाडीत बसव. ती आता माझ्याकडं राहील. अन् तिले उपाशी धाडू नको.

तुझीच म्हणायला जीभ वळत नाही, तरी तुझीच,
माणिक